हॉटेल लाइनमध्ये करिअर करायचंय? मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सातारा जिल्ह्यातली. २००४ साली मुंबईत हॉटेल लाइनला लागले, रूम अटेंडंट म्हणून सुरुवात केली, आणि आता एअरपोर्टजवळच्या एका मोठ्या हॉटेलात हाऊसकीपिंगला, म्हणजे खोल्यांची साफसफाई बघणाऱ्या डिपार्टमेंटला, असिस्टंट एक्झिक्युटिव्ह हाऊसकीपर आहे. दहावी-बारावीचा निकाल लागला की गावाकडून, माहेरून, सासरहून, ओळखीच्यांच्या ओळखीतून फोन सुरू होतात. प्रश्न बरेचसे तेच असतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतेय. जे मला पक्कं माहीत आहे तेवढंच लिहिलंय, आणि माझं मत आहे तिथे ते माझं मत म्हणून घ्या.

हॉटेल म्हणजे वेटर आणि आचारी, अजून काय असतं त्यात?

हा गोंधळ आपल्या भाषेतच आहे बघा. आपण मिसळ खायला जातो तेही हॉटेल, एसटी स्टँडसमोरचं चहाचं दुकान तेही हॉटेल आणि राहायला जातो ते लॉज. त्यामुळे मुलगी हॉटेलात कामाला लागली म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यासमोर फडकं मारून टेबल पुसणारा पोऱ्याच येतो. मोठ्या हॉटेलात काय काय कामं असतात ते मी एका चादरीवरून सांगते.

रूममधली चादर आधी परचेस डिपार्टमेंटचा माणूस विकत घेतो, किती धाग्यांची, किती धुण्यांत टिकेल, भाव काय, सगळं तो बघतो. ती स्टोअरमध्ये येते तिथे स्टोअरकीपर, तिचं बिल अकाउंट्सवाले पास करतात, मग ती लिनन रूममध्ये, म्हणजे चादरी-टॉवेल ठेवतात तिथे येते, तिथे लिनन अटेंडंट आणि आमचा टेलर. रूम अटेंडंट ती अंथरतो, सुपरवायझर तपासतो, डेस्कवर बसलेली कोऑर्डिनेटर सिस्टिममध्ये रूम तयार दाखवते, मग फ्रंट ऑफिसची मुलगी ती रूम पाहुण्याला देते, बेल बॉय सामान पोचवतो. ही रूम कितीला विकायची ते रेव्हेन्यू मॅनेजरने ठरवलेलं असतं आणि गिऱ्हाईक आणलेलं असतं सेल्सवाल्याने. पाहुण्याने बेडवरच जेवण मागवलं तर इन-रूम डायनिंगचा ऑर्डर टेकर, किचनचा शेफ, घेऊन येणारा सर्व्हर, आणि त्याची भांडी धुणारे किचन स्टुअर्डिंगवाले, ज्यांना सगळे केएसटी म्हणतात. हळदीचा डाग पडला की चादर लाँड्रीत, तिथे स्पॉटर नावाचा एक माणूस असतो ज्याचं कामच डाग ओळखायचं असतं, आणि लाँड्रीला वाफ लागते ती बॉयलरची, म्हणजे इंजिनिअरिंग. सिक्युरिटी, एचआर, ट्रेनिंग, आयटी, स्पा, स्विमिंग पूलचा लाइफगार्ड, माळी, फुलं लावणारा हे अजून राहिलेच.

म्हणून मुलाला "हॉटेल लाइन आवडते का" असं विचारू नका, "यातलं कुठलं काम आवडेल" असं विचारा.

पण कुठलं डिपार्टमेंट जमेल हे आधी कसं कळणार?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि हाच कोणी विचारत नाही, सगळे फी आणि पगार विचारतात. मी कितीतरी हुशार मुलं पहिल्या वर्षातच लाइन सोडून गेलेली बघितली, ती नालायक नव्हती, चुकीच्या डिपार्टमेंटला उभी होती. टीव्हीवरचे शेफ बघून किचनमध्ये गेलेला मुलगा जर शांतपणे एकटं, आपल्या तंद्रीत काम करणारा असेल तर शनिवारी रात्रीच्या ओरडाआरड्यात तो कोमेजून जातो, तोच मुलगा बेकरीत टाकला तर फुलतो, कारण बेकरीत माप असतं, वेळ असते, पहाटेची शांतता असते.

पाच मिनिटं गप्प बसवत नाही अशी मुलगी फ्रंट ऑफिस किंवा सेल्सला छान. नीटनेटकेपणाचं वेड आहे, चप्पल वाकडी पडलेली दिसली तरी सरळ करतो, तो हाऊसकीपिंगचा. राग पटकन येत असेल तर सर्व्हिसला, म्हणजे टेबलवर जेवण द्यायच्या कामाला जाऊ नये, तिथे अपमान गिळावा लागतो आणि मग दुसऱ्या टेबलवर हसून जावं लागतं, हे सगळ्यांना जमत नाही आणि न जमण्यात काही कमीपणा नाही. आकड्यांत डोकं चालत असेल तर रेव्हेन्यू, अकाउंट्स, परचेस. आणि शक्य असेल तर ॲडमिशनआधी सुट्टीत महिनाभर कुठल्याही लहान हॉटेलात, केटरिंगवाल्याकडे, लग्नाच्या हॉलवर काम करून बघायला सांगा. दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी मुलगा काय म्हणतो तेवढं ऐका.

ताई, हाऊसकीपिंग म्हणजे झाडू-पोछाच ना?

हे मला माझ्या सख्ख्या काकांनीही विचारलं होतं, तेही चार लोकांत, "दुसऱ्याचे संडास धुवायला शिकलीस का?" तेव्हा मी रडले होते. आज विचारलं तर मी त्यांना सरळ फ्लोअरवर घेऊन जाईन.

एका शिफ्टला साधारण चौदा ते सोळा रूम असतात. दारावर नॉक करायचं, "हाऊसकीपिंग" म्हणायचं, थांबायचं, परत नॉक, आणि मगच चावी लावायची. आत गेलं की आधी पडदे उघडायचे, सगळे दिवे लावून बघायचे की कुठला गेलाय का, एसी बघायचा. मग कचरा, मग बेड स्ट्रिप करायचा, म्हणजे वापरलेल्या चादरी-अभ्रे काढायचे. त्यानंतर बाथरूममध्ये केमिकल मारून ठेवायचं आणि ते काम करतंय तोवर बाहेर येऊन बेड बनवायचा, म्हणजे वेळ वाया जात नाही. टास्की ब्रँडच्या केमिकलना नंबर असतात, आर टू फरशी आणि इतर सरफेसला, आर थ्री काचेला, आर सिक्स कमोडला, आणि कमोडचं फडकं ग्लासला लागणं हा आमच्यात गुन्हाच आहे, म्हणून फडक्यांचे रंग वेगळे असतात. चादरीचे कोपरे पंचेचाळीस अंशात दुमडून गादीखाली असे खोचायचे की पाहुणा रात्रभर लोळला तरी ती सुटत नाही. डस्टिंग दारापासून सुरू करून एकाच दिशेने गोल फिरत यायचं म्हणजे काही सुटत नाही. व्हॅक्यूम शेवटी, आतून दाराकडे मागे मागे येत, म्हणजे कार्पेटवर आपल्या पायाचा ठसासुद्धा राहत नाही. चेकआऊट झालेल्या रूमला हे सगळं अर्ध्या तासाच्या आत.

एक प्रसंग सांगते. एका आजोबांचं चेकआऊट झालं होतं, रात्रीच्या फ्लाइटने ते परदेशी मुलाकडे निघाले होते. रूमला आमची नवीन मुलगी होती. बेडसाइड टेबलवर चुरगळलेला टिश्यू पडला होता. मी तिला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं की टिश्यू टाकायच्या आधी मुठीत दाबून बघायचा. तिने दाबला, आत काहीतरी कडक लागलं, उघडून बघितलं तर कानाचं मशीन, शेंगदाण्याएवढं. तिने डेस्कला फोन केला, लॉबीतून सिक्युरिटीवाला गाडीच्या मागे पळाला, गाडी गेटवरच होती. आजोबांनी मशीन कानात घातलं आणि पहिलं वाक्य बोलले ते "आता नातवाचं बोलणं ऐकू येईल." ती मुलगी आज दुसऱ्या हॉटेलात फ्लोअर सुपरवायझर आहे.

पुढची वाट अशी असते: रूम अटेंडंट, मग सुपरवायझर, मग हाऊसकीपिंग एक्झिक्युटिव्ह, मग असिस्टंट एक्झिक्युटिव्ह हाऊसकीपर, आणि शेवटी एक्झिक्युटिव्ह हाऊसकीपर, म्हणजे दीडशे-दोनशे माणसांची टीम आणि लाखोंचं बजेट. आणि हॉस्पिटल, मॉल, एअरपोर्ट, कंपन्यांची ऑफिसं सगळीकडे आमची माणसं घेतात, हा फायदा बाकीच्या डिपार्टमेंटना एवढा नाही.

शेफ व्हायला किती वर्षं लागतात?

शेफ हा शब्द आपण फार सैल वापरतो. किचनमध्ये नवीन मुलगा कॉमी थ्री म्हणून लागतो, मग कॉमी टू, कॉमी वन, मग डेमी शेफ द पार्टी, मग शेफ द पार्टी म्हणजे सीडीपी, म्हणजे एका सेक्शनचा मालक, मग सू शेफ आणि वर एक्झिक्युटिव्ह शेफ. ही उतरंड फ्रेंच शेफ एस्कॉफिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात बसवली आणि जगभर अजून तीच चालते. सीडीपी व्हायला मी तरी सहा-आठ वर्षं लागताना बघितलीत, एक्झिक्युटिव्ह शेफला पंधराच्या पुढे.

सुरुवातीचे महिने कांदा, लसूण, बटाटा, कोंबडी साफ करणं, फ्रिज लावणं यातच जातात, आणि ते जायलाच हवेत. पहिल्या दिवशी तापमान शिकवतात: थंड पदार्थ पाच डिग्रीच्या खाली, गरम पदार्थ साठच्या वर, मधल्या पट्ट्यात अन्न फार वेळ राहिलं की जंतू वाढतात. एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, फॉस्टॅक नावाचं ट्रेनिंग असतं ते कुठेही काम केलं तरी करून घ्या.

सेक्शन मात्र नीट निवडा. तंदूर आणि हलवाई यांना चांगली मागणी असते आणि मराठी मुलं तिकडे फारशी वळत नाहीत, सगळ्यांना कॉन्टिनेंटल पाहिजे असतं. माझं मत विचाराल तर आपल्या मुलांनी आपलं जेवण नीट शिकावं. मोठ्या हॉटेलांत अधूनमधून मालवणी, कोल्हापुरी फूड फेस्टिव्हल होतात आणि त्या वेळी आईच्या हाताखाली वाटण शिकलेला मुलगा अख्ख्या किचनला लागतो.

आम्ही शाकाहारी आहोत, मांस-मच्छी हाताळावी लागेल का?

बहुतेक कॉलेजांत हो. केंद्र सरकारच्या अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थांनी शाकाहारी स्वयंपाकाचा पर्याय दिलेला आहे, ॲडमिशनच्या वेळी चौकशी करा. नोकरीत बेकरी, हलवाई, किंवा प्युअर व्हेज हॉटेलं आहेतच. आणि हाऊसकीपिंग, फ्रंट ऑफिसला हा प्रश्नच येत नाही.

रिसेप्शनला दिसायला गोरंगोमटं लागतं का?

नाही. नीटनेटकं लागतं. केस बांधलेले, नखं कापलेली, युनिफॉर्म इस्त्रीचा, घामाचा वास नाही. रंगावरून कोणी नाकारत असेल तर ती जागा सोडलेली बरी.

फ्रंट ऑफिसमध्ये रिसेप्शनशिवाय रिझर्व्हेशन, टेलिफोन ऑपरेटर, बेल डेस्क, गेस्ट रिलेशन्स आणि कन्सिअर्ज असतो. कन्सिअर्ज म्हणजे पाहुण्याला शहरात जे काही पाहिजे ते जमवून देणारा, कोटाच्या कॉलरवर दोन सोनेरी किल्ल्या दिसल्या तर समजायचं की तो त्यांच्या जागतिक संघटनेचा मेंबर आहे. आणि एक काम कोणाला माहीत नसतं, नाइट ऑडिटर. रात्री अकराला येतो, दिवसभराच्या सगळ्या रूमची, रेस्टॉरंटची, लाँड्रीची बिलं जुळवतो आणि मग सिस्टिममधली तारीख बदलतो. हॉटेलचा दिवस बारा वाजता संपत नाही, नाइट ऑडिटरने तारीख पुढे ढकलली की संपतो. कॉमर्सच्या मुलांसाठी ही फार चांगली सुरुवात आहे, पण झोपेचं गणित जमलं पाहिजे.

सर्व्हिसला लागलं तर आयुष्यभर वेटरच राहायचं का?

छे. स्टुअर्ड, मग कॅप्टन, मग रेस्टॉरंट मॅनेजर, मग एफ अँड बी, म्हणजे खाण्यापिण्याच्या सगळ्या विभागाचा मॅनेजर. माझ्या माहितीतले दोन जनरल मॅनेजर ट्रे उचलूनच वर गेलेत. बँक्वेट म्हणजे लग्न-कॉन्फरन्सचं डिपार्टमेंट, तिथे शिकायला भरपूर मिळतं, लग्नाच्या तिथींना मात्र मान वर करता येत नाही. बारमध्ये मुली चालतात का असंही विचारतात. दिल्लीत तेव्हा लागू असलेल्या पंजाब अबकारी कायद्यात बायकांना दारूच्या ठिकाणी कामाला बंदी होती, ती २००७ साली सुप्रीम कोर्टाने उडवली. आज चांगल्या बारटेंडर मुली बऱ्याच आहेत.

टिपवर मात्र घरखर्च ठरवू नका. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही अशी नियमावली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ती उचलून धरली, त्यामुळे ज्यांच्या पगारात त्या पैशांचा वाटा होता त्यांनी आता बेसिक, म्हणजे मूळ पगार, किती आहे ते बघूनच हो म्हणावं.

पाहुण्यांसमोर जायचंच नाही, ऑफिसचं काम मिळेल का?

मिळेल की. रेव्हेन्यूचं थोडं सांगते कारण यात मराठी मुलं अगदी कमी दिसतात. आज रात्री जी रूम रिकामी राहिली ती उद्या परत विकता येत नाही, पालेभाजीपेक्षाही नाशवंत माल आहे हा. समजा २०० रूम आहेत, त्यातल्या १६० विकल्या आणि सरासरी भाव ५,००० आला, तर एकूण आठ लाख, म्हणजे सगळ्या रूम धरून प्रत्येकी ४,०००. आता भाव ४,२०० ला आणून १९० विकल्या तर ७,९८,०००, म्हणजे हॉटेल जास्त भरलं तरी पैसे किंचित कमीच आले, आणि तीस रूमचं लाँड्री-नाश्ता-साबण वर गेलं ते वेगळं. कुठल्या तारखेला भाव धरून ठेवायचा आणि कधी सोडायचा हे ठरवणारा तो रेव्हेन्यू मॅनेजर. एक्सेल आणि डोकं लागतं. त्यात जायच्या आधी वर्ष-दोन वर्षं रिझर्व्हेशनला काढा.

आयटीआय केलेल्यांना जागा असते का?

असते आणि आरामात असते. फ्रिज-एसी, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, बॉयलर अटेंडंट. रात्री दोनला गरम पाणी गेलं की अख्खं हॉटेल त्या एका माणसाचं तोंड बघतं. शिवाय आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शन आणि हाऊसकीपिंगचेही ट्रेड आहेत.

डिग्री लागतेच का? कोर्स कुठला करावा?

सुरुवातीच्या कामाला लागत नाही. मी बारावीवर लागले आणि डिग्री नोकरी करत बाहेरून पूर्ण केली, पण खरं सांगते, मॅनेजरच्या वर जाताना डिग्री नसलेल्याला दार उशिरा उघडतं, तेव्हा जमत असेल तर करा.

बारावीनंतर कुठल्याही शाखेतून चालतं. केंद्राच्या संस्थांसाठी एनसीएचएम जेईई ही परीक्षा असते, तीन वर्षांची बीएस्सी. आपल्याकडे दादरचं कॅटरिंग कॉलेज, म्हणजे आयएचएम मुंबई, देशातलं या विषयाचं पहिलं कॉलेज, १९५४ साली लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने सुरू झालं. एका बाईने हे उभं केलं हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं. गोव्यात पर्वरीला अशीच संस्था आहे. राज्याच्या सीईटी सेलची हॉटेल मॅनेजमेंटची वेगळी सीईटी असते, तिच्यातून चार वर्षांच्या बीएचएमसीटी या हॉटेल मॅनेजमेंटच्या डिग्रीला ॲडमिशन मिळतं. ओबेरॉय आणि ताजसारख्या मोठ्या ग्रुपांचे स्वतःचे ट्रेनिंग प्रोग्रॅमही असतात, त्यांच्या वेबसाइटवर वेळ साधून अर्ज करावा लागतो.

प्रायव्हेट कॉलेज बघताना इमारत बघू नका, ट्रेनिंग किचनमध्ये जाऊन गॅस चालू आहे का, भांडी वापरातली वाटतात का, मागच्या बॅचची मुलं इंडस्ट्रियल ट्रेनिंगला कुठे गेली आणि नंतर कुठे लागली हे त्या मुलांना फोन करून विचारा. "शंभर टक्के प्लेसमेंट" असं लिहिलेल्या बोर्डवर विश्वास ठेवू नका.

एवढी फी परवडत नाही हो.

मग सरकारी संस्थांतले फूड प्रॉडक्शनचे दीड वर्षाचे क्राफ्ट कोर्स बघा, ते खूप स्वस्तात होतात आणि हातात कला येते. पर्यटन मंत्रालयाची हुनर से रोजगार तक ही योजना आहे, आठवी पास मुलांनाही घेतलं जातं आणि फी नसते, जवळच्या संस्थेत बॅच कधी आहे ते विचारा. अप्रेंटिसशिप हा तिसरा मार्ग, स्टायपेंड मिळतं. कर्ज काढून चार-पाच लाखांचा डिप्लोमा मात्र करू नका, पहिल्या पगारात त्याचा हप्ता झेपत नाही.

पगार किती मिळतो?

मुंबई-पुण्यात मला दिसतं त्याप्रमाणे नवीन मुलाला आत्ता पंधरा ते बावीस हजार. कमी आहे, मान्य. पण ड्युटीवरचं जेवण, युनिफॉर्म, त्याची धुलाई हॉटेल देतं, काही ठिकाणी राहायची सोय असते, हे हिशोबात धरा. पीएफ कापतात का आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी कार्ड मिळतं का हे पहिल्या दिवशी विचारा. पहिली तीन वर्षं शिकण्याची, त्यानंतर दर प्रमोशनला किंवा हॉटेल बदलताना उडी बसते.

एक अनुभव. मी ज्या एका ठिकाणी आधी होते तिथे ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करून घेतली होती, आणि सोडताना ती मिळवायला मला अडीच महिने चकरा मारायला लावल्या, तेवढ्यात चालून आलेली चांगली नोकरी गेली. ओरिजिनल दाखवा, झेरॉक्स द्या, ओरिजिनल कोणाच्या ताब्यात देऊ नका. ऑफर लेटर वाचल्याशिवाय सही नको.

आणि २०२० हे वर्ष विसरून चालणार नाही. लॉकडाऊनमध्ये हॉटेलं बंद पडली, आमच्यातले किती तरी जण घरी गेले, काही परत आलेच नाहीत. या लाइनमध्ये सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायची सवय पहिल्या पगारापासून लावा.

मुलीला नाइट शिफ्टला पाठवायला भीती वाटते.

वाटणारच, माझ्या आईलाही वाटायची, ती गावात फोनजवळ बसून असायची. महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला तिची संमती असेल तरच कामाला लावता येतं, आणि सुरक्षेची आणि घरापर्यंत गाडीची सोय मालकाने करायची असते. गाडी दारापर्यंत की नाक्यापर्यंत, सोबत गार्ड असतो का, हे इंटरव्ह्यूतच विचारा, लाजू नका. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं सक्तीचं आहे, तिच्या मेंबरची नावं बॅक एरियाच्या, म्हणजे स्टाफच्या भागातल्या बोर्डवर लावलेली असतात. आम्ही मुलींना शिकवतो की पाहुणा रूममध्ये असेल तर दार उघडं, ट्रॉली दारात, आणि काही खटकलं की काम तसंच टाकून बाहेर यायचं, रूम अर्धी राहिली म्हणून तिला कोणी ओरडणार नाही. नाक्यावरच्या लहान लॉजमध्ये ही शिस्त असेलच असं नाही, म्हणून मुलींनी सुरुवात ब्रँडेड हॉटेलात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठी मीडियम झालंय, इंग्लिश येत नाही.

मलाही येत नव्हतं. पहिला महिना फोन वाजला की मी पँट्रीत जायचे. मग एका वहीत तीस-चाळीस वाक्यं लिहून घेतली, रोजची, "मे आय क्लीन युवर रूम", "आय विल चेक अँड कम बॅक टू यू" अशी, आणि लोकलमध्ये मनात म्हणत जायचे. हॉटेलात इंग्लिश म्हणजे ती वाक्यं परत परत. व्याकरण चुकलं तर पाहुणा रागवत नाही, उत्तर न देता पळून गेलं तर रागवतो. लिहायचा सराव करा, कारण सुपरवायझर झालं की लॉगबुक लिहावं लागतं.

दुबई किंवा क्रूझ शिपवर जायचंय, एजंट दोन लाख मागतोय.

थांबा, देऊ नका. माझ्या मामेभावाने असेच दिले होते, ऑफर लेटर निघालं खोटं आणि एजंटचं ऑफिस निघालं बंद, मामाने त्यासाठी म्हैस विकली होती.

आखाती देशांसाठी एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे रजिस्टर असावा लागतो, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव आणि लायसन्स तपासता येतं, आणि कायद्याने त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते. दहावी पास नसेल तर पासपोर्ट ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतो आणि ठरावीक देशांत जायला इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. टुरिस्ट व्हिसावर "तिथे गेलं की बदलून देऊ" म्हणणाऱ्याबरोबर अजिबात जाऊ नका.

शिपसाठी एजन्सीकडे डीजी शिपिंग या सरकारी खात्याचं आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरती करायचं लायसन्स पाहिजे, आणि नोकरी लावण्याबद्दल त्यांना तुमच्याकडून पैसे घेताच येत नाहीत. सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमांचे बेसिक सेफ्टी कोर्स, मेडिकल, अमेरिकेच्या बंदरांसाठी सी-वन-डी व्हिसा, हा खर्च वेगळा. कॉन्ट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं, त्यात आठवड्याची सुट्टी अशी नसते. गोव्यात घराघरांत शिपवर गेलेला माणूस सापडतो, त्यांच्याशी बोलून घ्या, कुठल्याही एजंटपेक्षा खरं सांगतात. हॉटेलचा दोन वर्षांचा अनुभव घेऊन जा.

दिवाळी-गणपतीला सुट्टी मिळते का?

सरळ सांगते, नाही धरून चाला. लोकांची सुट्टी तो आमचा सीझन. मी वीस वर्षांत घरच्या गणपतीला दर वर्षी गेले नाही, आम्ही बहिणींनी पाळी लावली आहे. सण झाल्यावर कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी मिळते. लग्न ठरवताना समोरच्यांना हे आधी सांगा, लपवू नका, माझ्या सासूबाईंना मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि आजही भाऊबीज आमच्याकडे माझ्या वीकली ऑफला होते.

गावातच राहून या लाइनमध्ये काही करता येईल का?

कोकण, महाबळेश्वर, शिर्डी, लोणावळा, अलिबाग, ताडोबाकडच्या मुलांनी हा विचार जरूर करावा. सिंधुदुर्ग तर १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर आहे. घरात राहत असाल आणि एक ते सहा खोल्या देता येत असतील तर केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत नोंदणी करता येते. पण आधी दोन-तीन वर्षं मोठ्या हॉटेलात काढा. होमस्टेमध्ये मासे सगळेच चांगले करतात, पाहुणा परत येत नाही तो ओलसर उशी आणि बाथरूममधल्या केसामुळे.

वय पस्तीस झालंय, आता जमेल का?

हाऊसकीपिंग, केएसटी, लाँड्री, सिक्युरिटी, स्टोअर इथे जमतं. माझ्या टीममध्ये एक ताई अडतिसाव्या वर्षी आल्या, नवरा गेल्यावर, आज लिनन रूम त्या सांभाळतात. किचनमध्ये तळापासून सुरू करणं या वयात शरीराला जड जातं.

इंटरव्ह्यूला आणि पहिल्या दिवशी काय घेऊन जायचं?

मेन गेटने जाऊ नका, स्टाफ एंट्रीला टाइम ऑफिस असतं तिथे नाव लिहायचं. आधार, पॅन, मार्कशीटच्या झेरॉक्स, सहा फोटो, बँक पासबुकचं पहिलं पान. अंगठी, मोठं घड्याळ, नेलपॉलिश घरी ठेवा. खिशात लहान वही आणि दोन पेनं, एक पेन कोणीतरी नेतंच. बूट काळे, साधे, रबरी सोलचे, आणि संध्याकाळी विकत घ्यायचे कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप बरोबर मिळतं. आणलेले बूट आठवडाभर आधी घरात घालून फिरा, मोजे सुती, बॅगेत एक जादा जोड, कारण दुपारच्या ब्रेकला मोजे बदलले की उरलेली शिफ्ट निभावते.